शाळेत पटकी नव्हती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. भावाला नाही, जिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले त्या थोरल्या जावेलाही नाही. सांगायला बसले की दुसरंच काहीतरी सांगून उठायची. आज तुम्ही समोर आहात असं समजून बोलते. मध्येच थांबले तर थांबू द्या.

कराडात माझं नाव अजून घेतात. मुलींची शाळा काढणारी बाई म्हणून. ते खरं आहे. माझा नवरा पलटणीत होता, आफ्रिकेच्या लढाईत पडला. मी विशीतली. मूल नाही. सासऱ्यांनी, देव त्यांचं भलं करो, मला पुण्याला ट्रेनिंगला धाडलं. परत आले तेव्हा गावात मुलींना शाळा अशी नव्हतीच. मी दारोदार फिरले. वर्गणी मागितली, शिव्या खाल्ल्या, एकीच्या बापानं तर अंगावर कुत्रं सोडलं. शेवटी नदीकडच्या रस्त्याला चार खोल्या उभ्या राहिल्या. वर कौलं, आत बाकं, भिंतीवर हिंदुस्थानचा नकाशा. त्या चार खोल्यांवर माझा जीव होता. एवढा जीव कशावर ठेवू नये, हे मला कोण सांगणार?

स्वातंत्र्य आलं आणि त्याच वर्षी सिंधमधून माणसं यायला लागली. मुंबई बंदरात उतरली, तिथून सरकारनं जिथं जागा दिसेल तिथं पाठवली. पौषात एक टोळी कराडला आली. म्हातारी माणसं, बाया, पोरं. कलेक्टर कचेरीतून हुकूम आला — शाळा पंधरा दिवसांसाठी द्या. मी दिली. आनंदानं दिली, हे खरंच सांगते. पहिल्या दिवशी भाकऱ्यांची टोपली मी स्वतः डोक्यावर घेऊन गेले होते.

त्यांच्यात जमना होती. माझ्याच वयाची. तिकडे हैदराबाद सिंधला तीही मुलींच्या शाळेत शिकवायची. नवरा मागे राहिलेला, जिवंत आहे की नाही ठाऊक नाही. बरोबर गोपी नावाची पाच-सहा वर्षांची मुलगी. माझं हिंदी मोडकं, तिचं थोडं बरं. आम्ही पायरीवर बसून बोलायचो. तिनं त्या माणसांच्या पोरांना शिकवायला सुरुवात केली — माझ्या वर्गात, माझ्या फळ्यावर, माझ्या खडूनं. उजवीकडून डावीकडे जाणारी तिची अक्षरं. मी दारात उभी राहून बघायची. कौतुक वाटायचं का? वाटायचं. आणि काहीतरी खुपायचंही. ते काय होतं ते मला तेव्हा कळत होतं. कळत नव्हतं असं आज म्हणणार नाही.

पंधरा दिवसांचे महिने झाले. थंडीत त्यांनी दोन बाकं जाळली. नकाशावर चुलीची काजळी चढली. माझ्या मुली देवळाच्या मंडपात बसायच्या. आज तिथं कीर्तन, उद्या कुणाचं लग्न — की शाळा बंद. एकेक मुलगी गळायला लागली. उन्हाळ्याची सुट्टी संपली आणि आषाढात मी मुली गोळा करायला पुन्हा दारोदार निघाले. हौसा नावाची मुलगी होती, वाचायला लागली की भान हरपणारी. तिचा बाप गोठ्यातून बाहेर आला, हातातली वैरण खाली ठेवून म्हणाला, "बाई, तुमचा मान राखतो. पर पोरगी देवळात बसून शिकनार व्हय? त्यापरीस घरात बसंल. औंदा उरकूनच टाकतो तिचं."

"थोडं थांबा. शाळा मिळतीय परत."

"कवा?" तो म्हणाला.

हौसा दाराआडून बघत होती.

जमनाला मी हे बोलले. ती म्हणाली, "बहनजी, दो कमरे आप ले लो. हम सब दो कमरे और बरामदे में रह लेंगे. मैं सबको समझाऊँगी." मी म्हटलं, परके पुरुष जिथं झोपतात तिथं आमच्याकडचे बाप पोरी धाडणार नाहीत. ते खोटं नव्हतं. पण मी एकाही बापाला विचारलं नव्हतं, हेही खोटं नाही. मला दोन खोल्या नको होत्या. मला माझी शाळा हवी होती.

बघा, अजून त्या गोष्टीपाशी पोहोचतच नाही मी.

प्रांतसाहेब दौऱ्यावर आले, डाकबंगल्यात उतरले. मी भेटायला गेले. अर्ज आधी तीनदा केला होता, उत्तर नव्हतं. साहेब सभ्य माणूस, थकलेले. म्हणाले, वरूनही रेटा आहे, ही माणसं मिरजेकडच्या मोठ्या छावणीत न्यायची आहेत. पण जायला ती तयार नाहीत. इथं बायांना शिवणकाम मिळालंय, म्हातारे बाजारात चार वस्तू विकायला बसतात. जबरदस्ती केली तर वर्तमानपत्रवाले ओरडतील. मग त्यांनी सहज विचारलं. अगदी सहज, चहाचा कप खाली ठेवता ठेवता. "तिथं आजारपण वगैरे काही नाही ना?"

आदल्या दिवशी गोपीला जुलाब झाले होते. कच्चे पेरू खाल्ले होते तिनं. जमनानं मला हसत सांगितलं होतं, आणि मीच घरून ताक नेऊन दिलं होतं. मला सगळं माहीत होतं.

मी म्हणाले, "साहेब, पटकीची लक्षणं आहेत. मी स्वतः पाहिलीत."

पटकी. कॉलरा म्हणा हवं तर. त्या काळात नुसत्या या शब्दानं गाव रिकामं व्हायचं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घेतली नाही. डॉक्टर त्या दिवशी गावात नव्हते. त्यांची वाट साहेबांनी पाहिली नाही, आणि थांबा म्हणून मीही सांगितलं नाही. मुख्याध्यापिकेच्या शब्दावर कोण शंका घेतं?

सकाळी पोलीस आले. तोंडाला फडकी बांधलेले, हातात काठ्या. दोन ट्रक. अर्ध्या तासात निघायचं. अंथरुणं-पांघरुणं बरोबर न्यायची नाहीत, रोग पसरतो. ती अंगणात ओढून त्यांवर रॉकेल ओतलं. सिंधहून अंगावर घालून आणलेल्या रजया होत्या त्या. पावसानं धड पेटेनात, नुसता धूर. एक म्हातारा आपली रजई सोडीना, तर त्याच्या मनगटावर काठी बसली. तो आवाज मी ऐकला. मी फाटकाशी उभी होते. शाळेची किल्ली घ्यायला आले होते.

जमना ओरडत होती, "किसको है? दिखाओ मुझे, किसको है?" मग तिला मी दिसले. तिचा चेहरा — कसं सांगू — तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. आता सगळं ठीक होणार असा. "बहनजी! आप तो रोज आती हो. आप बोलो इनको. आप बोलो!"

जमादार माझ्याकडे बघून थांबला. खरंच थांबला. म्हणाला, "काय वं बाई?"

तेव्हा मी एक वाक्य बोलले असते तर? जास्त नाही. "चुकलं माझं" एवढं. ट्रक उभे राहिले असते. माझी अब्रू गेली असती, दुसरं काही गेलं नसतं.

मी खोलीत गेले. किती बाकं शिल्लक आहेत ते बघायला.

पुढचं मला सांगोवांगी कळलं. स्टेशनात त्यांना मालगाडीच्या डब्यांत घातलं. पटकीची माणसं म्हणून बाहेरून कड्या लावल्या. मिरजेच्या अलीकडे डबे आडमार्गावर नेऊन ठेवले. छावणीवाले म्हणाले, रोगी माणसं आम्ही घेणार नाही. रेल्वेवाले म्हणाले, फलाटावर उतरवायची नाहीत. दिवस गेला, रात्र गेली. बातमी पुढे गेलेली, त्यामुळे पाणी द्यायलाही कुणी जवळ जाईना. बाहेर पाऊस पडत होता. आतली माणसं फटीतून हात बाहेर काढून तळवे चाटत होती. शेवटी सांगलीची काही पोरं गेली, दगडानं कड्या तोडल्या आणि घागरी आत दिल्या. तोवर गोपी गेली होती. आधीच पोट रिकामं झालेलं पोर. मिरजेच्या डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, पटकी नाही, पाण्यावाचून गेली. बाकीच्यांत तर कुणालाच काही नव्हतं.

ही बातमी कराडला आली आणि गाव खवळलं. आपलं सरकार येऊन अजून वर्ष झालं नव्हतं. गोऱ्यांनी केलं असतं तर समजलो असतो, असं माणसं पारावर बसून म्हणत होती. बाजार बंद राहिला. बायका रडल्या. लाज वाटली सगळ्यांना, खरीखुरी लाज. चौकात निषेधाची सभा ठरली. बोलायला कोण? त्या माणसांना भाकरी घालणारी बाई. पलटणीत पडलेल्या शिपायाची विधवा. मला बोलावायला चार मोठी माणसं घरी आली.

तुम्हाला वाटेल, मी अडखळले असेन. नाही. मी आयुष्यात तसं कधी बोलले नव्हते. "आसऱ्याला आलेल्या लेकराला जे सरकार घोटभर पाणी देत नाही, त्या सरकारची मला लाज वाटते," असं मी म्हणाले, आणि सगळी सभा उठून उभी राहिली. आणि यातलं सगळ्यात वाईट हे, की मी ढोंग करत नव्हते. माझ्या अंगाची आग होत होती. पोलिसांवर, रेल्वेवर, साहेबांवर. बोलता बोलता माझा मलाच विसर पडला होता. सरकारला नावं ठेवताना माणूस किती स्वच्छ होतो, हे मी त्या संध्याकाळी अनुभवलं.

प्रांतसाहेबांची बदली झाली, बढती बुडाली. जाण्याआधी ते शाळेत आले. मुली बाकांवर बसल्या होत्या, पाढे चालले होते. व्हरांड्यात उभे राहून हळू आवाजात म्हणाले, "तुमचं नाव मी कुठंही घेतलेलं नाही. घेणारही नाही. मला कारण हवं होतं बाई, तुम्ही दिलंत. मी तपासलं नाही, कारण मला तपासायचं नव्हतं." मी काहीतरी म्हणाले. काय ते आठवत नाही. बहुतेक, बसा म्हणाले.

हौसा शाळेत आली. शिकली, पुढे नर्स झाली. तुम्ही विचाराल म्हणून सांगितलं. तराजूत टाकायला नाही.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण कबूल करायचं ते अजून पुढेच आहे.

पुढच्या वर्षी शिक्षकांच्या परिषदेसाठी मी सांगलीला गेले. विश्रामबागेच्या अलीकडे पत्र्याच्या खोल्यांत सिंधी माणसं राहतात, हे मला माहीत होतं. मी त्या बाजूला जाणार नव्हते. बाजारात जमनानंच मला गाठलं. मागून येऊन हात धरला. मला वाटलं, मारणार. मारलं असतं तर… असो. ती गळ्यात पडून रडायला लागली. वर्तमानपत्रात छापून आलेलं माझं भाषण कुणीतरी तिला वाचून दाखवलं होतं. "मेरी गोपी के लिए एक आप ही बोलीं, बहनजी. पूरे मुल्क में एक आप."

तिनं मला खोलीवर नेलं. नवरा परत आला होता, एक हात निकामी घेऊन. जमिनीवर बसून तो दोऱ्याची रिळं एका हातानं लावत होता. मला बघून उठला आणि माझ्या पायाशी वाकला. मी वाकू दिलं.

जमना चुलीपुढे बसली होती, माझ्याकडे पाठ करून. एकदम म्हणाली, इतके दिवस एकच विचार डोक्यात फिरतो. आमच्यात कुणाला पटकी नव्हती. मग कुणीतरी सांगितलं असणार ना? कुणी सांगितलं, बहनजी? तुम्हाला कळलं का कधी?

दुसरी खोली नव्हती. बाहेर कुणी हाक मारली नाही. विचार करायला मला भरपूर वेळ होता.

मी म्हणाले, "प्रांतसाहेबांनीच उठवलं ते. त्यांना जागा रिकामी करायची होती."

ज्यानं माझं नाव गिळलं, त्याचं नाव मी दिलं. पहिलं खोटं शाळेसाठी होतं, मुलींसाठी होतं, असं मी रात्री-अपरात्री स्वतःला कितीदा सांगितलंय. हे कुणासाठी होतं? शाळा मिळाली होती. पोर गेलं होतं. मागायला काही उरलंच नव्हतं. फक्त तिनं माझ्याकडे तसंच बघत राहावं, एवढंच मला हवं होतं.

जमनानं त्या माणसाला तिच्या भाषेत एक तळतळाट दिला. त्याच्या लेकराबाळांनाही दिला. मी मान डोलावली. मग तिनं कांदा घातलेली जाड, खरपूस पोळी तव्यावरून थेट माझ्या ताटात वाढली. मी खाल्ली. ती म्हणाली, और एक? मी ताट पुढं केलं.