बाबांची सुरी आणि त्याची बॅग

माझा राग वाईट आहे, हे भोपाळात इंद्रपुरीपासून आनंद नगरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. भाजीवाला मला लांबून पाहिलं की सडके टोमॅटो आपणहून बाजूला काढतो. पण माणूस मारून टाकावा असा राग मला आयुष्यात एकदाच आला, आणि तो माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा.

त्या दुपारी मी तिला आणायला विमानतळावर गेले होते. दिल्लीहून ती नवऱ्याला न सांगता निघून आली होती. तो ऑफिसच्या कामाने मुंबईला होता, दोन-चार दिवस परतणार नव्हता. तेवढ्यात महिला पोलीस थान्यात तक्रार आणि वकिलाची गाठ, दोन्ही उरकून घ्यायचं, असं आम्ही दोघींनी फोनवर ठरवलं होतं. पोलिसांची मला भीती नव्हती, भीती होती बाबांची. याआधी दोनदा ती अशीच मार खाऊन आली होती आणि दोन्ही वेळा बाबांनीच तिला परत पाठवलं होतं. भांड्याला भांडं लागायचंच, तू जरा पडतं घे, दिल्या घरी सुखी राहा. या खेपेला पाठवली तर ती जिवंत राहायची नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

ती बाहेर आली ती एवढ्या उन्हाळ्यात गळ्याभोवती ओढणी गुंडाळून.

"काढ ती," मी म्हटलं.

"घरी गेल्यावर, ताई."

मी तिथेच ओढली. गळ्यावर बोटांचे काळेनिळे वळ होते आणि त्यांच्या खाली एक बारीक लाल रेघ. मला वाटलं, मेल्याने मंगळसूत्र ओढलं असणार. डोक्यात अशी तिडीक गेली की समोरच्या ट्रॉलीला लाथ घातली. नख फुटलं माझंच.

तेवढ्यात तिच्या हातातल्या बॅगेकडे लक्ष गेलं. भली मोठी, काळी, नवऱ्याची बॅग.

"अगं, पळून येताना एवढं धूड कुणी आणतं का? खांद्याला पिशवी अडकवायची आणि सुटायचं!"

"सुरी आणायची होती. ती आपल्याबरोबर वर नेऊ देत नाहीत, सामानातच टाकावी लागते. माझ्या बॅगेचं चाक तुटलंय, म्हणून ह्यांची घेतली."

ही सुरी बाबांनी केलेली. बाबा कारखान्यात टर्नर होते. लोखंड कापायच्या मोठ्या करवतीचं पातं तुटलं की त्याची सुरी करायची, ही आमच्या क्वार्टरांतली रीतच होती. घरोघरी एक असायची. बहिणीच्या लग्नात बाबांनी तिला दिली ती शिसवी मुठीची, पितळी रिव्हेट मारलेली. "बाजारच्या धारवाल्याला द्यायची नाही, तो वाट लावील," असं बजावलं होतं. त्यामुळे दर दिवाळीला ती माहेरी येताना सुरी घेऊन यायची, आणि बाबा व्हरांड्यात दगडावर पाणी शिंपडत तिला धार लावून द्यायचे. वर्तमानपत्राची पट्टी आवाज न होता कापली गेली की म्हणायचे, "जा, आता वर्षभर बघायला नको."

"पण दिवाळी कुठे आहे आता?" मी विचारलं.

"त्या घरात ठेवायची नव्हती," ती म्हणाली आणि बॅग गाडीकडे ओढायला लागली.

बॅग गाडीत टाकताना माझ्या हाताला हँडलवरचा प्लास्टिकचा जाड बिल्ला लागला.

"हे काय लटकवलंय?"

"टॅग आहे. हे सारखे फिरतात ना, सामान हरवू नये म्हणून. रेडिओवर चालतो म्हणे. विमानतळावर यंत्राजवळून बॅग सरकली की यंत्राला कळतं कुणाची आहे ते."

"चांगलंय की," मी म्हटलं. हो, असं म्हणाले मी! यंत्राला कळल्यावर यंत्र आणखी कुणाला सांगेल, हे आम्हा दोघी शहाण्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

घरी बाबांनी आधी बॅग पाहिली, मग तिचा गळा, मग परत बॅग. "जावईबापूंना सांगून आलीस?" तिने नाही म्हणून मान हलवली. "बरं. चहा घे. मी बोलतो त्यांच्याशी." मी कपबशा आपटल्या. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

संध्याकाळी मी देवाजवळ दिवा लावत होते तेव्हा फाटक धाडकन उघडलं. बेल नाही, हाक नाही, सरळ दारावर लाथ. कडी उचकटून तो आत आला. हातात नुसता मोबाइल. तो त्याने माझ्या नाकासमोर धरला. आपली बॅग भोपाळच्या विमानात चढवण्यात आली आहे, असा मेसेज होता.

"मी मीटिंगमध्ये बसलोय, आणि माझी बॅग भोपाळला निघाली!" तो हसायला लागला. "मिळेल त्या विमानाने आलो. पळून जायचं तर नवऱ्याची बॅग घेऊन? अक्कल बघा हिची!"

असा हसला, असा हसला! आजही मला ते हसणं आठवलं की दात शिवशिवतात.

मग त्याने तिची वेणी धरली. स्वयंपाकघराच्या दारातून फरफटत ओढली, तिचं कपाळ चौकटीवर आपटलं, फरशीवर रक्ताचा ओघळ आला. मी पोळपाट उचलला आणि त्याच्या खांद्यावर हाणला. त्याने कोपर मारलं, माझा ओठ फाटला. मग मी त्याचं मनगट धरलं आणि कडकडून चावले. सोडलंच नाही. तो माझ्या पाठीत बुक्क्या घालत होता आणि मी त्याच्या मनगटाला तशीच लटकले होते. फाटकातून शेजारीण ओरडली, "दीदी, पुलिस बुलाऊँ क्या?" मी तोंड सोडवून किंचाळले, "पूछ क्या रही हो, बुलाओ!"

आणि बाबा? भिंतीला टेकून उभे. हात जोडलेले. "अहो जावईबापू, सोडा हो तिला. बसून बोलू आपण."

खरं सांगते, त्या क्षणी पोळपाट मी बाबांच्या डोक्यात घातला असता.

तेवढ्यात जमिनीवरून बहीण ओरडली. तिचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. "बसून काय बोलता, बाबा! तुमची सुरी हा माझ्या गळ्याला लावतो! दरवेळी तीच आणतो! म्हणून उचलून आणली मी ती!"

मंगळसूत्राची नव्हती ती रेघ.

बाबांचे जोडलेले हात सुटले. ते वळले, बॅगेची चेन ओढली आणि आतले कपडे बाहेर फेकायला लागले. तळाशी टॉवेलमध्ये गुंडाळलेली सुरी सापडली. आता खून पडतो, असं वाटलं मला, आणि देवाशपथ, पडू दे असंच वाटलं. त्यालाही तेच वाटलं असणार, कारण त्याच्या हातातून वेणी सुटली.

बाबांनी सुरी देव्हाऱ्यापुढे ठेवली. मग ती रिकामी बॅग दोन्ही हातांनी उचलली आणि सगळा जीव लावून त्याच्या तोंडावर हाणली. जन्मभर लोखंड उचललेले हात ते. तो मागच्या मागे व्हरांड्याच्या पायऱ्यांवरून खाली गेला. त्याच्या नाकातून रक्त धो धो वाहायला लागलं. बाबांनी बॅगही त्याच्या अंगावर टाकली.

"ही तुझी. घे आणि नीघ." इतक्या वर्षांत बाबांनी त्याला पहिल्यांदा अरेतुरे केलं. "थांबायचं तर पोलीस येईपर्यंत थांब."

थांबतो कसला! बॅग घेऊन लंगडत पळाला. वळणापर्यंत चाकांचा खडखडाट येत राहिला. पोलीस आले, त्यांनी सगळं विचारून घेतलं, सकाळी थान्यात यायला सांगून गेले.

मी बहिणीच्या कपाळाला बर्फ लावत बसले होते. बाबांनी सुरी घेतली, सवयीने वर्तमानपत्र ओढलं आणि एक पट्टी कापली. अजिबात आवाज झाला नाही.

"दिवाळीला धार मीच लावून दिली होती ना गं?"

"हो, बाबा."

"आणि परतही मीच पाठवलं."

बाबा उठले, सुरी मागच्या अंगणातल्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळली आणि हातोडा घेतला. ते पोलाद वाकत नाही, तुटतं. पहिल्या घावात टोक उडालं. मग पुढचा तुकडा, मग त्याच्या पुढचा. एक कपची त्यांच्या बोटात घुसली, बोट रक्ताने भरलं, तरी थांबेनात. मी धावत जाऊन हात धरला. "बाबा, पुरे. तुटली ती. संपलं."

त्यांनी माझा हात झटकला.

"मूठ राहिलीय अजून," ते म्हणाले.