ताकातलं पाणी

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. आधी आम्ही उदगीरकर उस्मानाबादच्या नावानं खडे फोडायचो, मग लातूरच्या नावानं फोडायला लागलो. पाणी दोघांकडेही नव्हतं. त्या दुष्काळात गल्लीतल्या आडात टँकर ओतायचे आणि तेच गढूळ पाणी आम्ही शेंदायचो. नव्या जिल्ह्याची नवी जीप भोंगा लावून ओरडत गेली, "पाणी उकळून प्या!" सरपण कुठून आणायचं, ते काही भोंग्यानं सांगितलं नाही.

तरी माय उकळायची. माझ्या धाकट्या बहिणीला हगवण लागली होती. माय तिला उकळून निवलेलंच पाणी पाजायची आणि पोटाला हलकी म्हणून ज्वारीची आंबील द्यायची. पीठ रटरटा शिजवायची, गार झालं की वरून ताक घालायची. ताक शेजारच्या अक्काचं. अक्का लिंगायत आडत्याच्या घरची, गल्लीत म्हैस तेवढी तिच्याकडंच उरलेली. दूध विकावं, पण ताक विकू नये, हा तिचा नेम. म्हैस आटत चालली, मागणारे वाढले, आणि कुणाला नाही म्हणणं अक्काला जमेना. मग ती ताकात पाणी वाढवायची. आडाचं, तसंच कच्चं.

पोरगी डोळे फिरवायला लागली तेव्हा तिला सरकारी दवाखान्यात नेलं. काय काय खाल्लं ते डॉक्टरांनी विचारलं. मायनं आंबील आणि अक्काचं पातळ ताक सांगितलं.

"ताकात पाणी कुठलं?"

"आडाचं की," माय म्हणाली.

"उकळलेलं?"

"ताकात उकळलेलं पानी कोन घालतंय सायेब? ताक म्हंजी काय पानी हाय का?"

डॉक्टर म्हणाले, "बाई, ह्यात ताक नावाला. जंतू सगळे आडातलेच."

संध्याकाळी बहीण गेली.

मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून अक्का आंबिलीचं पातेलं घेऊन आली. रडून तिचे डोळे सुजले होते. "लेकरं उपाशी हायत गं, घे एवढं." मला वाटलं, आता माय बोलेल. मायनं पातेलं आत नेलं, मोरीत ओतलं, विसळून परत दिलं. "लई उपकार झाले, अक्का."

अक्का गेल्यावर मी भडकलो. "सांगत का न्हाईस तिला?"

"काय सांगू? पुण्याच्या हातानं दिलंय तिनं. हिरीत उडी घेईल. तू बोललास तर माझी आण हाय तुला."

भीड भिकेची बहीण म्हणतात. खोटं आहे. भीक मागून माणूस जगतो तरी.

सकाळी अक्काच्या ओट्यापुढं तांबे घेऊन बाया उभ्या होत्या. समोरच्या घरची सगळ्यात पुढं. तिच्या लेकाला हगवण लागली होती, ती जरा जास्तच ताक मागत होती. माय उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. मग तिनं दार लावून घेतलं. मायवरचा तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.