पडद्याच्या डाव्या कडेला

बार्शीटाकळीच्या बाजारात तो बैलांना नाल ठोकायचा. तोंडात खिळे धरूनच बोलायचा, त्यामुळे शब्द मोजकेच.

अकोल्याहून सरकारी प्रचाराची मोटर आली की संध्याकाळी मैदानात पडदा लागे. रेडिओ किती थोर, हे सांगणारा तोच जुना चित्रपट. आम्हाला पाठ झालेला. आधी शहरात माईकपुढे गाणारी बाई, मग लिंबाखाली रेडिओ ऐकत बसलेलं गाव. ते गाव आमचंच. चित्रीकरण चालू असताना या नालवाल्याची बायको डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन मागून गेली, ती चित्रपटात तशीच राहिली. पुढच्या उन्हाळ्यात ती वारली.

सगळे पडद्यासमोर मधोमध बसत. हा मात्र डाव्या कडेला, पार खांबाशी पोतं अंथरून बसे. तिथून माणसं काड्यांसारखी दिसतात. एकदा मी त्याच्याजवळ जाऊन वैतागून म्हटलं, "भाऊ, इथून काय दिसते तुमाले?"

"ते इकडंच येते न बापा."

पडद्यावर गुंड सावरत ती चालत आली, कडेला पोचली आणि दिसेनाशी झाली. तेव्हा तो पोत्यावर थोडा सरकला, आणि शेजारची जागा त्यानं हातानं झटकली.