सोपवलेलं मत

आमच्या साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत विषय वाचून संपायच्या आत "मंजूर, मंजूर" असा गजर होतो. त्या गजरात मागच्या रांगेतून दोन आवाज वर्षानुवर्षं "नामंजूर" म्हणत आले. एक माझा, दुसरा पणदऱ्याच्या तात्यांचा. इतिवृत्तात त्याची नोंद "एकमताने मंजूर" अशी व्हायची. कारखान्याचं काही बिघडलं नाही, आमची मैत्री तेवढी झाली.

बायको गेल्यावर बारामतीच्या घरात मी आणि पुस्तकं उरलो. दर सोमवारी तात्या एसटीने यायचे, चहा घ्यायचे, जगातल्या बहुतेक गोष्टी नामंजूर करायचे आणि दोनच्या गाडीने परत जायचे. निवृत्त प्राध्यापकाला मास्तर म्हणणारे तेवढे एकच. आठवड्याभरात मी कुणाशी सलग बोलायचो, ते त्याच दिवशी.

क्रिप्टोचं खूळ माझं. एक नाणं असं सापडलं, की त्याचा सामाईक खजिना होता आणि तो कशावर खर्च करायचा हे नाणी बाळगणारेच मतं देऊन ठरवायचे. मला ते सहकाराचं सोवळं रूप वाटलं. फेटा नाही, हार नाही, व्यासपीठ नाही. मी थोडी नाणी घेतली. माझं ऐकून तात्यांनीही घेतली.

"तितं हात वर करायचा का?" त्यांनी विचारलं.

"नाही, मोबाइलवर. आणि जितकी नाणी, तितकी मतं."

"म्हंजी ज्याचा ऊस जास्त, त्याचा आवाज मोठा. मग नवीन काय हाय त्यात, मास्तर?"

मतदानाची इंग्रजी पानं वाचायचा त्यांना कंटाळा, म्हणून त्यांनी आपलं मत माझ्याकडे सोपवलं. तशी सोय असते. "आपलं काय, ठरलेलंच हाय," ते म्हणाले.

खजिन्यातला खर्च नामंजूर, हे ठरलेलं होतं, कारण मी अर्थशास्त्र शिकवलेलं आहे. त्या खजिन्यात रुपये नसतात, तेच नाणं असतं. खर्च मंजूर झाला की ती नाणी ज्याला मिळतात तो ती घेऊन बाजारात जातो, कारण हॉटेलवाल्याला आणि मांडववाल्याला रुपयेच लागतात. सगळ्या गोदामांची दारं एकाच आठवड्यात उघडली तर साखरेच्या भावाचं जे होईल, तेच नाण्याचं होतं. शिवाय खजिन्याचा हात सैल आहे असं दिसलं की बाकीचेही विकायला काढतात. खर्चातून खरंच काही उभं राहिलं तर भाव पुढे सावरेलही, पण आधी विक्री. हे मी तात्यांना इतक्यांदा सांगितलं, की पुढे पुढे तेच मला समजावू लागले.

मग एक प्रस्ताव आला. शहरोशहरी मेळावे घ्यायचे, लोक भेटतील, नाणं वाढेल. मागणी अवाच्या सवा, तपशील मोघम. एरवी मी तात्यांना त्यावर अर्धा तास व्याख्यान दिलं असतं. पण यादीत पुणं होतं. नाण्याच्या मोबाइलवरच्या चर्चेत टोपणनावाने माझ्याशी रोज वाद घालणारी माणसं तिथे प्रत्यक्ष दिसणार होती. मी बराच वेळ त्या एका शब्दाकडे बघत बसलो आणि 'होय' दाबलं. सोपवलेलं मत आपोआप माझ्या मागून गेलं.

प्रस्ताव मंजूर झाला, मेळावाही झाला. हॉटेलात दीपप्रज्वलन झालं. न आलेल्या प्रमुखांच्या पडद्यावरच्या चेहऱ्याला टाळ्या मिळाल्या. शाल-श्रीफळाच्या जागी टोपी आणि टी-शर्ट होता. गळ्यात ओळखपत्र घातलेल्या एका मुलीने अदबीने विचारलं, "काका, तुम्ही कोणाला सोडायला आलात?" माझ्याशी वाद घालणारी माणसं कोणती, ते कळायला मार्ग नव्हता. मी पनीरचे दोन तुकडे खाल्ले आणि स्वारगेटहून एसटी धरली.

त्याच आठवड्यात आयोजकांनी मिळालेली नाणी विकली. भाव घसरला, आणि घसरलेला पाहून आणखी घसरला. माझा सिद्धांत तंतोतंत खरा ठरला. आनंद झाला नाही.

सोमवारी तात्या मोबाइल पुढे धरूनच आत आले. "बघा! आपुन नामंजूर म्हणत हुतो, ऐकलं का कुणी?"

मान डोलावली असती तर भागलं असतं. मी म्हणालो, "तात्या, मी होय म्हटलं होतं."

"आन माझं?"

"तुमचंही."

त्यांनी कप खाली ठेवला. "का?"

"पुण्यात मेळावा होता. जावंसं वाटलं." मग उगाच म्हणालो, "आपल्या मतांनी तसा काही फरक पडला नसता."

"कारखान्यात तरी कुठं पडतोय?" ते म्हणाले. "तुमचं तुमी काय बी करायचं. माझं ऱ्हाऊ द्यायचं हुतं."

गेलेल्या पैशांबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. दारात चपला घालताना थांबले. "आन जायचंच हुतं तर मला म्हणायचं, मास्तर. मी आलो असतो की."

त्यांची गाडी दोनची. तेव्हा बारासुद्धा वाजले नव्हते.

पुढचा सोमवार गेला, त्याच्या पुढचाही. तात्या आता सोमवारी लेकीकडे इंदापूरला जातात असं कळलं. पणदऱ्याहून तिकडे जायचं तर बारामतीला उतरून गाडी बदलावी लागते. मधे अर्धा-पाऊण तास सहज मिळतो. मी त्या वेळी घरीच असतो. तसा मी नेहमीच घरी असतो.