भावाचं नाक आणि फुटका धोटा

तो धोटा फुटका होता आणि ते मला माहीत होतं. मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या त्या लाकडाला लोखंडी टोकाजवळ चीर गेली होती, बोट फिरवलं की कुसळ टोचायचं. असा धोटा फेकून द्यायचा असतो. मी तो काचकागदाने घासला, तेलाचा हात दिला आणि परत मागावर चढवला. सुरतेच्या त्या लूमखात्यात मी जॉबर होतो, बिघडलेले माग चालू करणं माझं काम. नवा धोटा नीट बसेपर्यंत अर्धी पाळी माग उभा राहतो, आणि माझ्या रांगेत माग उभा राहत नाही, अशी माझी शेखी होती. त्या मागावर माझा धाकटा भाऊ काम करत होता. खानदेशातून त्याला मीच आणलं होतं.

दुपारी धोटा उसळून बाहेर उडाला आणि त्याच्या नाकावर बसला. भाऊ खाली बसला, ओंजळीत रक्त धरून. मी धावलो, पण आधी धोट्याकडे. तो भंगाराच्या पोत्यात टाकला आणि मग सगळ्या खात्यासमोर भावावर ओरडलो, "मागावर असं वाकून बघतात का, आंधळ्या?"

त्याने ते खरं मानलं. आपणच वाकलो, आपलीच चूक, असं तो पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिला आणि मी ऐकत राहिलो.

शेठला पोलिसांचं लचांड नको होतं. तो म्हणाला, पायरीवर पडला म्हणून सांगा. मला तर ते हवंच होतं. शेठच्या ओळखीच्या डॉक्टरने जखम नीट धुतलीसुद्धा नाही. दाबून नाक सरळ केलं, टाके घातले, दोन गोळ्या दिल्या आणि पाठवून दिलं. महिन्याभरात पू झाला आणि नाकाचा दांडा खचला. भाऊ तोंड उघडं टाकून झोपायला लागला. खात्यात मुकादम त्याला बघून म्हणायचा, "आव्यो, नाक वगरनो आव्यो." आला, बिननाकाचा आला. लोक हसायचे. मुकादमाचा गळा धरावा असं मला वाटायचं, पण मी कधी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर धोट्याची गोष्ट निघाली असती.

दुसरा डॉक्टर मोठ्या खासगी दवाखान्यातला. त्याने कातडीखाली प्लास्टिकची पट्टी बसवली. पहिले काही महिने भाऊ आरशासमोरून हलत नव्हता, आईने मुलगीही पाहून ठेवली. मग नाक लाल झालं, सुजलं, आणि एके सकाळी पट्टीचं टोक कातडी फाडून बाहेर आलं. डॉक्टरने ती काढली आणि उलट भावालाच झापलं, की तू तंबाखू खातोस, नाकाला सारखा हात लावतोस. माझ्या भावाने तंबाखूला कधी हात लावला नव्हता. त्या डॉक्टरच्या टेबलावरची काच फोडायची राहिली याची मला अजून चीड येते. मुलीकडच्यांनी नकार कळवला.

मग कोणीतरी सरकारी दवाखान्यात नव्या आलेल्या सर्जनचं सांगितलं. तो तरुण होता, घाईत नव्हता. त्याने नाक दाबून पाहिलं, उजेडात पाहिलं, एक्स-रे पाहिला. बरगडीचा मऊ तुकडा काढून नाक पुन्हा उभं करता येईल, म्हणाला, पण दोनदा का पिकलं ते कळल्याशिवाय मी चाकू लावणार नाही.

"आत काहीतरी राहिलंय. कशावर पडला होतास?"

भाऊ माझ्याकडे पाहत म्हणाला, दगडाची पायरी.

"दगड एक्स-रेत दिसला असता," सर्जन म्हणाला. "लाकूड दिसत नाही."

पुन्हा खोटं बोललो असतो तर तिसऱ्यांदाही त्याचं नाक सडलं असतं. मी सगळं सांगितलं. धोटा, चीर, काचकागद, सगळं. सर्जन लिहीत राहिला. भाऊ माझ्याकडे बघतही नव्हता, भिंतीकडे बघत होता. बाहेर आल्यावर त्याने फक्त एवढंच विचारलं, "तुले माहीत व्हतं?"

आधी आत अडकलेलं लाकूड काढलं, बोटाच्या पेराएवढं, काळं पडलेलं. बऱ्याच महिन्यांनी, सगळं कोरडं झाल्यावर, बरगडीचा तुकडा बसवला. दोन्ही वेळा त्याने आईला बरोबर नेलं, मला येऊ दिलं नाही. नाक थोडं डावीकडे कललेलं राहिलं, पण टिकलं. तो तोंड मिटून झोपायला लागला आणि कामावर परतला.

माझ्याशी बोलत नव्हता. एकदा जेवताना मी म्हटलं, झालं गेलं, मला माफ कर. त्याने भाकरी ताटात ठेवली.

"आठे नको सांगू. ज्यासना समोर तू माले बोलना, त्यासना समोर सांग."

मला त्याचाच राग आला. मी जॉबर, चार लोकांत मान असलेला, मी खात्यात जाऊन हे सांगू? त्या रागात मी पावसाळा घालवला. सकाळी तो माझ्यासमोरून डबा घेऊन निघून जायचा, आणि शिव्या द्याव्यात असं माणूस माझ्याशिवाय दुसरं कोणी उरलं नव्हतं.

शेवटी एकदा पाळी बदलताना, दोन्ही पाळ्यांची माणसं आत होती आणि माग बंद होते, तेव्हा मी मधल्या वाटेत उभा राहिलो. मुकादम होता, शेठही दारात होता. भाऊ त्याच्या मागापाशी सूत लावत होता.

"धोटा फुटेल व्हता," मी म्हणालो. "माले माहीत व्हतं. मीच घासीसन लावा. याना काही गुन्हा नव्हता, मी यालेच आंधळा म्हंता." मग त्याच्याकडे वळून म्हणालो, "भाऊ, मनं चुकनं. माले माफ कर."