सात तळ्यांचं राज्य

लीलाधर धुळे डेपोत कंडक्टर होता. बायको बेबाबाई काविळीने गेली, तेव्हा मुलगी कोकिळा नऊ वर्षांची होती. ड्युटीवरून आल्यावर पोरीशी काय बोलावं, हे त्याला सुचत नसे. एकदा स्टँडवरच्या स्टॉलवरून त्याने मुलांचं मासिक आणलं. त्यात दर महिन्याला पुढे सरकणारी चित्रकथा होती. दगडी हरणावर बसून मैना नावाची मुलगी सात तळ्यांच्या राज्यात हरवलेल्या भावाला शोधत होती.

तेव्हापासून अंक आला की आधी वाचन, मग भाकरी. लीलाधर राक्षसाचा घोगरा आवाज काढायचा. पुढे काय होणार, या विचारात गाडीत घंटी मारायलाही विसरायचा. ड्रायव्हर चुडामण वळून म्हणायचा, “भाऊ, निघायचं का आज?”

नव्वद साली कोकिळा लग्न होऊन दोंडाईच्याला गेली. दोन महिन्यांनी लीलाधर तिला भेटायला गेला, तेव्हा पिशवीत दोन अंक होते. व्याही रुपचंदांनी ते चाळले आणि हसले. “काय शे यामा? हे तर लहान पोरांचं.”

कोकिळाने वडिलांना मागच्या अंगणात नेलं. “नाना, हे आता आणत जाऊ नका.”

“व्याह्यांचं काय मनावर घेतेस?”

“त्यांचं नाही.” ती पदराशी चाळा करत राहिली. “मला बाराव्या-तेराव्या वर्षीच त्याचा कंटाळा आला होता. आई गेल्यावर तुम्ही तेवढ्याच वेळी हसायचे. म्हणून बसायचे मी.”

“आणि हरीण फुटलं तेव्हा रडलीस ती?”

“तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, नाना.”

लीलाधर “बरं” म्हणाला. अंक पिशवीत ठेवले, चहा घेतला, जावयाची चौकशी केली आणि दुपारच्या गाडीने परतला.

पुढच्या महिन्यात तो स्टॉलकडे फिरकला नाही. त्यापुढच्या महिन्यात मात्र राहवेना. त्याने दोन्ही महिन्यांचे अंक एकदम घेतले आणि डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत तिकिटांच्या पेटीवर बसून वाचले. मैनेने सहावं तळं ओलांडलं, तसा तो हरखला. “बघ,” म्हणत त्याने मान वर केली.

समोर चुडामण तोंडावर टोपी घेऊन झोपला होता. लीलाधरने पान उलटलं. पुढचं त्याने ओठ न हलवता वाचलं.