राठोड सरांचा घसा

राठोड सरांची शिट्टी गळ्यात असे आणि पँटच्या मागच्या खिशात गुलाबी औषधाची बाटली. मैदानावर कवायत चालू असतानाच ते झाकण काढत, पाणी प्यावं तशी बाटली तोंडाला लावत, मिशी पुसत आणि पुन्हा ओरडत, "एक साथ... सावधान!" आर्णी तालुक्यातल्या त्या शाळेत मी नवीन होते. मला वाटलं, खोकल्याचं औषध असेल. विचारलं तर छातीवर मूठ आपटून म्हणाले, "खोकला नाही जी. इथं भट्टी लागेल असते. हे टाकलं का घडीभर इझते."

प्रल्हाद राठोड आमच्याकडे शारीरिक शिक्षण शिकवत. घर जवळच्याच तांड्यावर, थोडी कापूस-तुरीची शेती. माणूस उंच, काटक आणि एका जागी न टिकणारा. मीटिंगमध्ये मुख्याध्यापकांचं पहिलं वाक्य संपायच्या आत ते खुर्ची सोडून खिडकीशी उभे असत. डबाही उभ्यानेच. भाकरी तळहातावर, तिच्यावर ठेचा, आणि डोळे मैदानाकडे. आमचा पहिला घास खाली उतरेपर्यंत त्यांची भाकरी संपलेली असे. वरून कडक चहा, आणि चहावर खर्रा. तंबाखू-सुपारीची ती पुडी दाढेत धरल्याशिवाय त्यांना तास घेता येत नसे. "सर, बसून खा ना," असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं: "बसलो का मले जेवणच जात नाही."

पंचक्रोशीत मात्र त्यांची ओळख मास्तर म्हणून कमी आणि शंकरपटाचा आवाज म्हणून जास्त होती. हिवाळ्यात गावोगाव बैलजोड्यांच्या शर्यती भरत आणि माइक सरांच्या हातात असे. "सुटली रे सुटली! दारव्ह्याची जोडी सुटली! डावा दाबून राह्यला, उजवा उडून राह्यला! ओ भाऊ, बाजूले व्हा ना, बैलाले काय तुमची ओळख हाय काय?" माणसं हसत, शिट्ट्या मारत. गर्दीत मागे अडकलेल्या म्हाताऱ्यांनाही सरांच्या आवाजामुळे सगळी शर्यत कळे.

तोच आवाज बसू लागला. आधी सकाळी घोगरा असे आणि दुपारी उघडे. मग दुपारीही उघडेनासा झाला. वाकून मैदानावर चुना टाकताना घशाशी आंबट पाणी येई. ते थुंकत आणि तसंच काम चालू ठेवत. रात्री आडवं झालं की ठसका लागतो म्हणून ते भिंतीला टेकून बसूनच झोपतात, हे मला त्यांच्या पत्नीने, शेवंतावहिनींनी सांगितलं. "डाक्टरकडं चाला म्हनलं का अंगनात फिरत राह्यतेत," त्या म्हणाल्या. सर जिरं चघळत, सोडा पीत, थंड दूध पीत. कुणी काही सुचवलं की लगेच करून पाहत आणि दुसऱ्या दिवशी सोडून देत. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणत, "अ‍ॅसिडिटीले कोणी दवाखान्यात जाते काय?"

एका दुपारी व्हरांड्यात भाकरीचा घास त्यांच्या छातीत अडकला. श्वास चालू होता, पण घास ना खाली जाई, ना वर येई. पाणी दिलं तर पाणीही परत आलं. लाळसुद्धा गिळता येईना. आम्ही त्यांना खुर्चीवर बसवत होतो आणि ते परत परत उठून येरझारा घालत होते. एका सहकाऱ्याने गाडी काढली, मीही सोबत निघाले. वाटेत तांड्यावरून वहिनींना घेतलं आणि यवतमाळ गाठलं.

डॉक्टरांनी दुर्बिणीने घास काढला. मग वहिनींना आणि मला आत बोलावून सांगितलं, "हे काल-परवाचं दुखणं नाही. जठराचं तोंड सैल झालंय. आतलं आम्ल वर येतं आणि अन्ननलिका भाजून काढतं. भाजून भाजून ती एका ठिकाणी अरुंद झालीय. आवाजही बहुतेक त्यामुळेच बसलाय. ते गुलाबी औषध घटकाभर थंड वाटतं, पण जखम भरत नाही." तिथला एक तुकडा त्यांनी तपासणीला पाठवला होता.

त्या तुकड्याने सरांची झोप उडवली. अहवाल येईपर्यंत त्यांचे पाय थांबेनात. तास संपला की ते मैदानाला फेऱ्या घालत, तास चालू असला तरी घालत. एकदा माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले आणि बसलेल्या आवाजात म्हणाले, "म्याडम, तुमी वाचता-बिचता. खरं सांगा, ते तं नसन ना?" तो शब्द ते उच्चारत नव्हते. मी म्हटलं, "अहवाल आल्याशिवाय मी काय सांगू, सर?" त्यांनी खिशातून खर्ऱ्याची पुडी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग डब्याभोवती घुटमळत राहिले. माझा तास संपेपर्यंत ते तिथेच होते, पण त्यांनी पुडी उचलली नाही.

अहवालात 'ते' नव्हतं. वहिनी दवाखान्याच्या बाकावर रडल्या आणि सर बाहेर जाऊन रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले.

पुढचं त्यांना जास्त जड गेलं. सकाळी उपाशीपोटी गोळी आणि मग अर्धा तास थांबून न्याहारी. ठेचा, कडक चहा बंद. थोडं थोडं खायचं, घास पातळ होईपर्यंत चावायचा. संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या सुमाराला. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, आणि पलंगाचे उशाकडचे पाय विटांवर. डॉक्टरांनी बजावलं होतं, बरं वाटलं तरी विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. याने भागलं नाही तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल. मधे एकदा यवतमाळला नेऊन अरुंद नळी फुगवून रुंद केली. "माह्या घशात फुगा फुगवला, म्याडम," ते सगळ्या शिक्षकांना सांगत फिरले. खर्रा सोडल्यावर मात्र ते इतके चिडके झाले, की पोरं लांबूनच वळून जात.

मी एकदा तांड्यावर गेले तेव्हा ते चक्क बसून जेवत होते. समोर मऊ भात आणि बिनफोडणीचं वरण. मांडी घातली तरी एक पाय हलत होता. वहिनींचंही ताट शेजारी वाढलेलं. त्या हसून म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून पह्यल्यांदा सोबत जेवून राह्यलो आमी. आंधी माही दुसरी भाकर तव्यावर पडस्तोवर हे हात धुवून मोकळे." सर घास चावत होते, म्हणून त्यांनी नुसताच हात हलवला.

त्या हिवाळ्यात पट भरला. आवाज थोडा सुटला होता, पण डॉक्टरांनी ओरडायला मनाई केली होती. सर गेले मात्र. वहिनींसोबत मीही गेले. माइकवर दुसराच कुणी होता आणि त्याला जोड्यांची नावंही नीट येत नव्हती. लोक म्हणू लागले, "सर, घ्या ना माइक!" आयोजकांनी माइक आणून त्यांच्या हातात दिला. सरांनी तो तोंडापर्यंत नेला. मग त्यांनी तो परत केला आणि दोरीच्या कडेकडेने चालू लागले. जोड्या सुटत होत्या, ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी त्यांच्या मागे गेले नाही. ते वहिनींकडे परत आले तेव्हा चेहरा घामाने भिजला होता. म्हणाले, "चाला घरी. आज लय दमलो."

नंतर माझी मारेगावला बदली झाली. निघताना सर गाडीत सामान चढवायला आले आणि कुणालाही उचलू न देता सगळं स्वतःच चढवलं. परवा त्यांचा फोन आला. आवाज थोडा खरखरीत, पण सरांचाच.

"म्याडम, औंदा माइक घेतला पटात! डाक्टरले इचारूनच घेतला. फक्त फायनलले. बाकीचा दुसऱ्यानं."

"वा! मग कोण जिंकलं?"

"ते लंबं हाय, मंग सांगतो. दिवस बुडून राह्यला, जेवाचं हाय," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.